देवघरातला शाळिग्राम, बागचा दगड आणि थरांची साक्ष

माळव्याचा_वाटसरू (धागाकर्ता), ३ जून, रात्री ९.१०

राजवाड्याजवळचे आमचे जुने घर सोडून आम्ही नुकतेच इंदूरच्याच दुसऱ्या टोकाला फ्लॅटमध्ये राहायला आलो. सामान लावताना आजीच्या देवघरातला शाळिग्राम आणि वडिलांच्या कपाटातला एक तपकिरी दगड योगायोगाने एकाच टेबलावर आले. शाळिग्राम काळाभोर असून त्याच्या एका बाजूला उघडलेल्या भागातून आत चक्र दिसते. दुसरा दगड तळहाताएवढा, चपटा आणि थाळीसारखा आहे, आणि त्यावरही तसाच वेटोळ्याचा आकार आहे. तो वडिलांनी धार जिल्ह्यातील बाग या गावची लेणी पाहायला गेले असताना, साधारण १९९४ च्या सुमारास, आणला होता.

माझ्या आठवीतल्या नातीने दोन्ही हातांत धरून तीन प्रश्न विचारले, आणि त्यांपैकी एकाचेही धड उत्तर मला देता आले नाही. हे दोन्ही एकच प्राणी आहेत का? शंखात राहणारा प्राणी जर समुद्रातला असेल, तर तो समुद्रापासून इतक्या लांब माळव्याच्या कडेला कसा आला? आणि यातला आधीचा कोण व नंतरचा कोण, हे कोणी आणि कसे ठरवले? येथे भूशास्त्र शिकवलेली काही मंडळी आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून धागा काढत आहे. देवघरातल्या वस्तूविषयी विचारतो आहे याचा कोणी गैरअर्थ काढू नये. शाळिग्राम पूजेतच आहे आणि राहील.

स्तरवाचक, ३ जून, रात्री ११.२५

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आणि सर्वांत चांगला आहे. आधी पहिले दोन पाहू.

शाळिग्राम नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रात मिळतो आणि त्यातले चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या प्राण्याच्या कवचाचा ठसा. हा प्राणी ऑक्टोपस आणि माकूळ यांच्या नात्यातला. कवचाच्या आत पडदे घालून त्याने खोल्या केलेल्या असत. सर्वांत बाहेरच्या खोलीत तो स्वतः राही आणि मागच्या खोल्या वायू व द्रव यांच्या साहाय्याने पाण्यात तरंगण्यासाठी वापरी. गंडकीचे अमोनाइट ज्या काळ्या शेल खडकातून सुटून येतात तो ज्युरासिक कालखंडाच्या उत्तरार्धातला, म्हणजे साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टेथिस नावाच्या प्राचीन समुद्राचा गाळ आहे. तोच गाळ पुढे हिमालयाबरोबर वर उचलला गेला.

बागचा दगडही बहुधा अमोनाइटच असावा. त्या भागात प्लॅसेंटिसेरास नावाचा चपटा, थाळीसारखा प्रकार प्रसिद्ध आहे आणि आपले वर्णन त्याच्याशी जुळते. मात्र त्याचा काळ क्रिटेशस, म्हणजे सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे टेबलावर शेजारी ठेवलेल्या या दोन दगडांत सुमारे ६ कोटी वर्षांचे अंतर आहे, आणि डायनोसॉर संपल्यापासून आजपर्यंतचा काळ त्याहून फारसा मोठा नाही. दोघे एकाच मोठ्या कुळातले आहेत, परंतु एकच प्राणी नव्हेत.

समुद्र माळव्यात कसा आला, याचे उत्तर नर्मदेच्या खोऱ्यात आहे. आज जेथून नर्मदा पश्चिमेकडे वाहते, त्या खोलगट पट्ट्यातून क्रिटेशस काळात पश्चिमेकडचा समुद्र आत शिरला होता. तो उथळ होता आणि भूशास्त्रीय हिशेबाने फार काळ टिकला नाही, परंतु जाताना चुनखडी आणि शिंपले मागे ठेवून गेला. आपण धारहून टांड्यामार्गे बागकडे उतरतो तेव्हा एका जुन्या समुद्राच्या काठावर उतरत असतो.

आता माझा एक प्रश्न. वडिलांनी तो दगड कोणत्या थरातून काढला होता?

माळव्याचा_वाटसरू, ४ जून, सकाळी ७.५०

थर? तो लेण्यांच्या आसपास एका ओढ्याच्या पात्रात सुटा पडलेला होता, एवढेच आईला आठवते. चिठ्ठी वगैरे काही नाही. त्याने फरक पडतो का?

स्तरवाचक, ४ जून, रात्री १०.०५

फरक पडतो, आणि माझ्या मते या विषयातली मुख्य गोष्ट हीच आहे. लोकांना वाटते की जीवाश्म स्वतःच इतिहास सांगतो. तो एकटा फारच थोडे सांगतो. बरीचशी साक्ष तो ज्या थरात होता त्या थराची असते, आणि दगड खिशात गेला की ती तेथेच राहते. वडिलांना दोष देत नाही. १९९४ मध्ये मीही विद्यार्थ्यांना घेऊन जाताना त्यांच्या खिशांकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिले नाही.

बागच्या परिसरात एखाद्या दरीच्या कडेने खालून वर चढत गेलो, तर क्रम असा दिसतो. सर्वांत खाली अतिप्राचीन, जीवाश्मविरहित, कठीण खडक. त्यावर निमाड वालुकाश्म. बागची लेणी वालुकाश्मातच कोरलेली आहेत. हा वालुकाश्म खालच्या भागात नद्यांनी आणलेल्या वाळूचा आहे आणि वरच्या भागात त्यात कालवांचे कवच दिसू लागते, म्हणजे वाळू साचता साचताच समुद्र जवळ आला. त्यावर गाठींची चुनखडी येते. अमोनाइट आणि समुद्री साळिंदराच्या जातीचे गोल कवच प्रामुख्याने तेथे मिळतात. त्यावर जी चुनखडी आहे तिला जुन्या भूशास्त्रज्ञांनी ‘प्रवाळी’ म्हटले, पण ती मुख्यतः प्रवाळांची नसून ब्रायोझोआ नावाच्या, वसाहत करून राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांची आहे. नाव चुकले ते चुकलेच. अजून तेच चालते.

मग एकदम चित्र पालटते. त्या चुनखडीवर लॅमेटा थर येतो. हा जमिनीवरचा, नद्या, तळी आणि दलदल यांचा गाळ आहे, आणि त्याचे वय सुमारे ७ कोटी वर्षे किंवा त्याहून थोडे कमी. खालच्या चुनखडीत आणि या थरात जवळजवळ २ कोटी वर्षांचा हिशेबच नाही. त्या काळात येथे काही साचले नाही, किंवा साचलेले झिजून गेले. लॅमेटात अमोनाइटचा मागमूस नसतो. तेथे डायनोसॉरची हाडे आणि अंडी मिळतात. त्याच्याही वर काळा बेसाल्ट, म्हणजे दख्खनचा लाव्हा. इंदूरची काळी माती त्याचीच झीज आहे.

वाळू, समुद्र, रिकामी जागा, दलदल, लाव्हा. हा क्रम कोणी कल्पनेने लावलेला नाही. तो भिंतीच्या विटांसारखा एकावर एक रचलेला आहे आणि ज्याला चढण्याची हौस आहे त्याला पाहता येतो. खालचा थर आधी साचला आणि वरचा नंतर, हे तत्त्व निकोलस स्टेनो याने १६६९ मध्ये मांडले. पुढे इंग्लंडमध्ये कालव्यांची मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथच्या लक्षात आले की प्रत्येक थरात ठरावीक जीवाश्मांचा संच असतो आणि तो संच शंभर मैलांवरही त्याच क्रमाने भेटतो. त्या आधारे त्याने १८१५ मध्ये इंग्लंडचा भूशास्त्रीय नकाशा छापला. हा माणूस प्राध्यापक नव्हता, पायी हिंडून कालव्यांची मोजणी करणारा होता, हे मला नेहमी सांगावेसे वाटते.

शंकेखोर, ५ जून, दुपारी १.३०

माफ करा, पण यात मला एक जुनी अडचण दिसते. खडकाचे वय जीवाश्मावरून ठरवायचे आणि जीवाश्माचे वय खडकावरून ठरवायचे, ही तर्कशास्त्रातली अन्योन्याश्रयाची चूक नव्हे काय? एका शेजाऱ्याने दुसऱ्याला जामीन राहावे आणि दुसऱ्याने पहिल्याला, तसा हा व्यवहार झाला. शिवाय कार्बन पद्धतीने कोट्यवधी वर्षे मोजता येत नाहीत असे मी वाचले आहे.

स्तरवाचक, ५ जून, रात्री ९.४५

शंका रास्त आहे आणि ती पूर्वी भल्याभल्यांनी घेतलेली आहे. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या गेल्या आहेत: क्रम आणि वय.

क्रमासाठी कोणाच्याच जामिनाची गरज नाही. तो थर एकावर एक आहेत यावरून लागतो. स्मिथचा नकाशा १८१५ चा, डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. म्हणजे कोणता जीव कोणत्याच्या खाली सापडतो ही यादी उत्क्रांतीचा सिद्धांत येण्याच्या चाळीसहून अधिक वर्षे आधीच तयार होत होती, आणि ती करणाऱ्यांपैकी अनेकजण उत्क्रांती मानतही नव्हते. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए याने १७९६ मध्ये हत्तींच्या हाडांची तुलना करून मॅमथसारखे प्राणी नामशेष झाले आहेत असे दाखवले. तोही उत्क्रांतीचा विरोधकच होता.

वयासाठी मात्र स्वतंत्र घड्याळ लागते, आणि ते ज्वालामुखीच्या खडकात असते. कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ, ५,७३० वर्षे असल्यामुळे सुमारे ५०,००० वर्षांच्या पलीकडे ते घड्याळ बंद पडते. आपण वाचलेले अगदी बरोबर आहे, आणि डायनोसॉरसाठी ते कोणी वापरतही नाही. तेथे पोटॅशियम-४० (अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे) किंवा युरेनियम-२३८ (सुमारे ४४७ कोटी वर्षे) वापरतात. झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक तयार होताना युरेनियम आत घेतात, पण शिसे जवळजवळ घेत नाहीत. त्यामुळे आज त्यांत सापडणारे शिसे नंतर युरेनियमपासून झालेले आहे असे धरता येते. दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमध्ये जे तांबडे थर दिसतात, त्यांतले झिरकॉन वेचून या उद्रेकाचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे असे अगदी बारकाईने निश्चित झाले आहे. म्हणजे त्याच्या खाली दबलेला लॅमेटा थर आणि त्यातली अंडी त्याहून जुनी असलीच पाहिजेत. येथे जीवाश्माने खडकाला किंवा खडकाने जीवाश्माला जामीन दिलेला नाही. तिसऱ्याच साक्षीदाराला बोलावले आहे.

एकदा असे अनेक ठिकाणी झाले, की मग अमोनाइटसारखा जीव, जो समुद्रातून दूरवर पसरत असे आणि ज्याचे प्रकार झपाट्याने बदलत असत, तो लाव्हा नसलेल्या ठिकाणीही थर ओळखण्यास उपयोगी पडतो. आणि ही यादी मोडता येण्याजोगी आहे, हे ध्यानात घ्यावे. बागच्या गाठींच्या चुनखडीत कोणाला गायीचा एक दात जरी पक्का रुतलेला सापडला, तरी आम्हाला सगळे पुस्तक पुन्हा उघडावे लागेल. अद्याप तसे झालेले नाही.

नर्मदाकाठ, ६ जून, सायंकाळी ६.१५

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे खडकांपेक्षा प्राण्यांकडूनच या विषयाकडे येते. स्तरवाचक दादांनी क्रमाविषयी लिहिले. त्या क्रमातून एखाद्या प्राण्याचा प्रवास कसा दिसतो याचे माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या उपखंडातच आहे, आणि ते देवमाशाचे आहे.

देवमासा सस्तन आहे, म्हणून त्याचे पूर्वज जमिनीवरचे असले पाहिजेत हे शास्त्रज्ञ पूर्वीपासून म्हणत होते, पण मधले दुवे हाती नव्हते. १९८१ मध्ये पाकिस्तानातून पाकिसेटस नावाच्या, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या कानाच्या हाडाची एक भिंत विलक्षण जाड होती, आणि आज ही खूण देवमासे व डॉल्फिन यांच्यातच आढळते. १९९४ मध्ये अँब्युलोसेटस आला, ज्याला चालताही येत असे आणि पोहताही. २००० मध्ये आपल्या कच्छमधून कच्छिसेटसचे वर्णन झाले. लांब शेपूट, लांबट तोंड, बारीक डोळे. मग २००१ मध्ये पाकिस्तानातच पाय असलेल्या देवमाशांच्या घोट्याची हाडे मिळाली आणि ती गाय, हरीण, पाणघोडा यांच्या घोट्यासारखी दुहेरी कप्पीची निघाली. रक्ताच्या व जनुकांच्या अभ्यासकांनी पाणघोड्याशी नाते आधीच सुचवले होते. दगडांनी त्याला दुजोरा दिला.

यातला माझा आवडता भाग जम्मू-काश्मीरमधला आहे. कालाकोट येथे भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केलेले दगड त्यांच्या पश्चात अनेक वर्षे तसेच पडून होते. ते पुढे तपासले गेले तेव्हा एका कवटीत तेच जाड कानाचे हाड आढळले. हा इंडोहायस. मांजराएवढा, खूर असलेला, हरणासारखा दिसणारा प्राणी. २००७ मध्ये त्याचे संशोधन प्रसिद्ध झाले. त्याच्या पायांची हाडे पाण्यात चालणाऱ्या प्राण्यांप्रमाणे भरीव होती.

मुलांना शिकवताना एक गोष्ट मी आवर्जून सांगते. इंडोहायस सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे पाकिसेटसपेक्षा किंचित अलीकडचा आहे. तेव्हा तो देवमाशाचा आजोबा असू शकत नाही. फार तर चुलत आजोबा. जीवाश्मांत आपल्याला बहुतेक वेळा चुलत घराणीच भेटतात आणि त्यांच्या तोंडावळ्यावरून मूळ पुरुष कसा असेल याचा अंदाज बांधावा लागतो.

अनुस्वार, ६ जून, रात्री ८.००

मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन हा दशावतारांचा क्रम म्हणजे हेच नव्हे काय? आमच्या आजोबांचे तसे ठाम मत होते.

नर्मदाकाठ, ६ जून, रात्री ८.४०

दशावतार मला प्रिय आहेत, परंतु त्यांच्यावर हे ओझे टाकू नये असे वाटते. माशांच्या आधी कोट्यवधी वर्षे कणा नसलेल्या प्राण्यांचीच सृष्टी होती आणि तिला तेथे जागा नाही. पाण्यातून जमिनीवर येण्याच्या टप्प्यावर कासव नव्हते; कासवांच्या कुळाचे स्पष्ट जीवाश्म सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचे, तर चार पायांचे प्राणी त्याच्या कितीतरी आधीचे. त्या टप्प्यावर भेटतो टिक्टालिक, मासा खरा पण मान वळवणारा आणि पुढच्या परांत मनगटासारखी हाडे असलेला. तो २००४ मध्ये कॅनडाच्या उत्तर टोकाला मिळाला आणि तो योगायोग नव्हता. असा प्राणी असलाच तर सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या नदीच्या गाळात असेल, असे ठरवून तसे खडक कोठे उघडे पडले आहेत हे नकाशावर पाहून शोधपथक तेथे गेले होते. शिवाय अवतार एकामागून एक येतात. प्राण्यांचा इतिहास वडासारखा फांद्या फुटत जातो आणि बऱ्याच फांद्या मध्येच सुकतात.

उज्जैनकर, ७ जून, सकाळी १०.२०

थरांचे महत्त्व सांगत आहात म्हणून आपल्याच राज्यातली एक फजिती नोंदवतो. भीमबेटकाची शैलचित्रे १९५७ मध्ये आमच्या उज्जैनच्या डॉ. वि. श्री. वाकणकरांनी उजेडात आणली, हे सर्वांना माहीत आहे. २०२१ मध्ये तेथल्याच एका गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया या अतिप्राचीन प्राण्याचा जीवाश्म सापडल्याचे काही भूशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. हा गोधडीसारखा चपटा, पट्ट्यापट्ट्यांचा जीव सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी होता. रशियातील नमुन्यांत कोलेस्टेरॉलचे अवशेष मिळाल्यामुळे २०१८ मध्ये तो प्राणीच होता हे मान्य झाले. तो भीमबेटकात असेल तर तेथील वरच्या विंध्य खडकांचे वय ५५ कोटी वर्षे ठरणार, आणि त्यांचे वय १०० कोटींच्या पलीकडचे आहे असे मानणारे चुकीचे ठरणार, एवढे मोठे प्रकरण होते.

दुसऱ्या गटाने तेथे जाऊन पुन्हा पाहणी केली आणि २०२३ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांनी पाहिले तोवर तो ‘जीवाश्म’ खडकावरून सुटून गळू लागला होता. ते मधमाश्यांचे कुजलेले पोळे निघाले. मूळ शोधाचा दावा करणाऱ्यांनी ते मान्यही केले. माझ्या मते त्यांचा हा मान्य करण्याचा भाग मूळ बातमीइतक्याच ठळकपणे छापायला हवा होता.

स्तरवाचक, ७ जून, रात्री १०.३०

उत्तम उदाहरण दिलेत. नमुना थराच्या आत आहे की थराच्या पृष्ठभागावर चिकटला आहे, हा पहिला प्रश्न असतो, आणि गुहेच्या छताला तो कोणी पुरेसा विचारला नाही.

याच्या उलट, जेथे थर नीट वाचला गेला तेथे केवढी माहिती मिळते, हे धारच्या अंड्यांवरून दिसते. २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नर्मदा खोऱ्याच्या या भागातील लॅमेटा थरात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली. ही टायटनोसॉर म्हणजे प्रचंड देहाच्या शाकाहारी डायनोसॉरची अंडी आहेत. संशोधकांनी नुसती अंडी मोजली नाहीत. घरटी एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, सभोवतीचा गाळ कसला आहे, कवचे फुटलेली आहेत की अखंड, हे सर्व टिपले. म्हणून ही जनावरे तळ्या-दलदलींच्या काठी वसाहतीने अंडी घालत आणि मगरींप्रमाणे ती उथळ पुरत असत, असे म्हणता आले. घरटी इतकी दाटीने आहेत की एवढ्या मोठ्या आईला पिलांपाशी वावरायला जागाच उरली नसती. म्हणजे अंडी घालून ती निघून जात असावी. पाडल्या गावच्या एका अंड्यात तर एका कवचाच्या आत दुसरे कवच आढळले, जे तोवर केवळ पक्ष्यांत ठाऊक होते. यातले एखादे अंडे कोणी दिवाणखान्यात नेऊन ठेवले असते, तर तो केवळ एक गोल दगड राहिला असता.

त्याच पाडल्या परिसरात काही घरांत अशा गोल दगडांची काकर भैरव म्हणून, शेताचे आणि गुराढोरांचे रक्षण करणारा देव म्हणून, पूजा होत असे, अशा बातम्या २०२३ च्या अखेरीस आल्या होत्या. त्यावर पुष्कळांनी हसून घेतले. मी हसलो नाही. ज्यांनी नांगराला लागलेला दगड वेगळा आहे हे ओळखून जपून ठेवला, त्यांनी तो गिट्टीच्या क्रशरपासून तरी वाचवला.

नर्मदाकाठ, ८ जून, दुपारी ४.०५

यात विष्ठेचाही उल्लेख हवा! चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे लॅमेटा थरातच डायनोसॉरच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात. २००५ मध्ये त्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. तोपर्यंत गवत डायनोसॉरच्या नंतर पसरले असे पुस्तकांत छापले जात असे. हाडांवरून हे कधीच कळले नसते.

शंकेखोर, ८ जून, रात्री ९.००

तिसऱ्या साक्षीदाराचा मुद्दा मला पटला. एकच विचारतो. अमोनाइट मग गेले कोठे? खोल्यांचे कवच असलेला नॉटिलस तर आजही जिवंत आहे.

स्तरवाचक, ८ जून, रात्री १०.१५

६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरबरोबरच, तेही संपले. मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे अशनी आदळला तो हाच काळ आणि आपल्याकडे लाव्हा वाहत होता तोही हाच. कोणाचा वाटा किती, यावर वाद आहे, जरी बहुसंख्य अभ्यासक अशनीलाच मुख्य कारण मानतात. नॉटिलस का वाचला यावर एक चांगला तर्क असा, की अमोनाइटची पिले अतिशय बारीक असून पृष्ठभागाजवळच्या सूक्ष्म जीवांवर जगत, आणि तेच अन्न आधी नष्ट झाले. नॉटिलसची अंडी मोठी आणि त्याचा वावर खोल पाण्यात.

नातीला दोघांतला फरक ओळखायचा असेल तर कवचाच्या आतले पडदे बाहेरच्या भिंतीला जेथे मिळतात ती रेषा भिंगातून पाहायला सांगा. नॉटिलसमध्ये ती साधी, वळणदार असते. अमोनाइटमध्ये ती कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी कातरलेली असते.

माळव्याचा_वाटसरू, ९ जून, रात्री ८.३०

पाहिली. वरचा पापुद्रा जेथे झिजला आहे तेथे रेषा कातरलेलीच आहे, अगदी कोथिंबिरीसारखी. शाळिग्राम मात्र भिंगाखाली धरायला आईने नकार दिला आणि आम्ही आग्रह केला नाही.

बागच्या दगडाला नातीने चिठ्ठी लावली आहे. तिच्यावर लिहिले आहे: ‘अमोनाइट, प्लॅसेंटिसेरास. बाग, जि. धार. ओढ्याच्या पात्रात सुटा मिळाला, १९९४. गाठींची चुनखडी, ९ कोटी वर्षे.’

स्तरवाचक, ९ जून, रात्री ९.०५

चिठ्ठी छान आहे, पण दोन दुरुस्त्या कराव्यात. ‘प्लॅसेंटिसेरास’च्या पुढे प्रश्नचिन्ह घालावे, कारण मी तो दगड पाहिलेला नाही. आणि ‘गाठींची चुनखडी’ खोडून तेथे ‘थर अज्ञात’ असे लिहावे.